दिल्लीहून पानिपतला मोटरसायकलवर: समूहस्वारीची आखणी कशी करावी?

दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील महामार्गांवर शनिवार-रविवारी पहाटे मोटरसायकलस्वारांचे लहानमोठे गट दिसणे ही आता नित्याची बाब झाली आहे. कोणी राजस्थानच्या सीमेवरील नीमराण्याच्या किल्ल्याकडे निघतो, कोणी सोहन्याजवळच्या दमदमा तलावाकडे, तर कोणी मुरथळच्या ढाब्यांवर पराठे खाऊन दुपारपर्यंत घरी परततो. राजधानीत नोकरी-शिक्षणानिमित्त स्थायिक झालेल्या मराठी तरुणांना यांपैकी एक वाट विशेष जवळची वाटते. ती म्हणजे पानिपतची वाट. शहराच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर, एका दिवसात सहज जाऊन येता येईल अशा अंतरावर, १४ जानेवारी १७६१ रोजी जेथे मराठी फौजेचा संहार झाला ती रणभूमी आहे. ‘काला आम’ या नावाने ओळखले जाणारे तेथील स्मारक पाहण्याची इच्छा दिल्लीत आलेल्या बहुतेक मराठी माणसांच्या मनात असते.

ही इच्छा आठ-दहा मित्रांनी मिळून मोटरसायकलवर पूर्ण करायचे ठरवले, की प्रश्न केवळ पेट्रोल आणि पत्त्याचा राहत नाही. एकट्याने वाहन चालवणे आणि गटाने चालवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. हेल्मेट न घातल्यामुळे मृत्युमुखी पडलेल्यांची संख्या त्याच वर्षी ५०,०२९ होती आणि त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले सहप्रवासी होते. सहलीची आखणी काळजीपूर्वक का करायची, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

गट किती मोठा असावा?

आखणीतील पहिला निर्णय संख्येचा असतो. उत्साहाच्या भरात ‘जितके जास्त तितके चांगले’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रस्त्यावरचे गणित वेगळे सांगते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटरसायकल एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. दोन स्वारांमध्ये किमान एका सेकंदाचे अंतर राखायचे म्हटले, तरी आठ जणांची रांग दीडशे मीटरहून लांब होते. वीस जणांची रांग चारशे मीटरच्या पुढे जाते. एवढी लांब रांग एका सिग्नलमधून एकत्र पार होऊ शकत नाही आणि मागून येणाऱ्या मोटारचालकाला ती ओलांडताही येत नाही. मग मोटारी मध्येच घुसतात, गट तुटतो, मागे राहिलेले स्वार पुढच्यांना गाठण्यासाठी वेग वाढवतात आणि नेमक्या त्याच क्षणी अपघात होतो.

म्हणूनच अनुभवी मंडळी पाच ते सात स्वारांचा गट आदर्श मानतात. संख्या अधिक असल्यास दोन किंवा तीन स्वतंत्र गट करावेत, प्रत्येकाला आपला प्रमुख असावा आणि दोन गटांमध्ये काही मिनिटांचे अंतर असावे. सर्वांची भेट ठरलेल्या थांब्यावर होतेच. खूप मोठ्या संख्येने किंवा झेंडे लावून फेरी काढायची असेल, तर तिला सहल न मानता मिरवणूक मानावे आणि स्थानिक पोलिसांशी आधी संपर्क साधावा.

गटात कोणाला घ्यायचे याचाही विचार आवश्यक आहे. सर्व स्वारांचा अनुभव आणि सर्व वाहनांची क्षमता सारखी नसते. साडेतीनशे सीसीची बुलेट, दीडशे सीसीची साधी मोटरसायकल आणि परदेशी बनावटीचे जड वाहन एकाच रांगेत चालत असेल, तर वेग सर्वांत हळू वाहनाने आणि सर्वांत नवख्या स्वाराने ठरवायचा, हा नियम निघण्यापूर्वीच सर्वांनी मान्य केला पाहिजे. तो मान्य नसलेल्या व्यक्तीने त्या दिवशी एकट्याने जाणे अधिक श्रेयस्कर.

कोणता मार्ग, कोणता रस्ता?

राजधानीच्या भोवती अनेक नवे द्रुतगती मार्ग झाले असले, तरी ते सर्व दुचाकींसाठी खुले नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना प्रवेश नाही हे महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊक आहे. तीच स्थिती दिल्ली-मेरठ द्रुतगती मार्गाची आणि दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाची आहे. सोहना ते दौसा हा टप्पा फेब्रुवारी २०२३ मध्ये खुला झाला असला, तरी जयपूरकडे निघालेल्या मोटरसायकलस्वाराला जुन्या राष्ट्रीय महामार्गानेच जावे लागते. याउलट ग्रेटर नोएडा ते आग्रा हा १६५ किलोमीटरचा यमुना द्रुतगती मार्ग २०१२ मध्ये सुरू झाल्यापासून पथकर भरून दुचाकींना वापरता येतो. भ्रमणध्वनीवरील नकाशा ‘मोटार’ या पर्यायावर ठेवला, तर तो बंदी असलेल्या रस्त्यावर नेऊन सोडू शकतो. आदल्या दिवशी संपूर्ण मार्ग ‘दुचाकी’ या पर्यायावर तपासून घेणे इष्ट.

पानिपतचा मार्ग या दृष्टीने सोपा आहे. दिल्लीच्या उत्तर टोकाकडील मुकरबा चौकातून राष्ट्रीय महामार्ग ४४ थेट पानिपतला जातो. हे अंतर सुमारे ७० किलोमीटर असून रस्ता आठपदरी आहे. पूर्वी हाच महामार्ग क्रमांक १ म्हणून ओळखला जात असे आणि त्याहीपूर्वी ग्रँड ट्रंक रोड म्हणून. सिंघू, कुंडली, मुरथळ, गन्नौर, समालखा आणि पानिपत असा क्रम लागतो. पानिपत शहरावरून उन्नत मार्ग जातो. काही जण वर चढले आणि काही खालच्या रस्त्याने गेले, तर गट तेथेच दुभंगतो. त्यामुळे वरून जायचे की खालून, हे निघण्यापूर्वीच सांगितलेले बरे. ‘काला आम’ स्मारक शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर आहे.

सह्याद्रीच्या घाटांत वाहन चालवायला शिकलेल्या स्वाराला हा रस्ता फारच सोपा वाटतो आणि धोका नेमका तेथेच दडलेला आहे. घाटातील वळण दिसते, त्यामुळे चालक आपोआप सावध होतो. सरळ आठपदरी रस्त्यावर सावध करणारे काहीच नसते. दुभाजकाच्या फटीतून अचानक ओलांडणारा पादचारी, विरुद्ध दिशेने येणारा ट्रॅक्टर, रस्त्यावर आलेली नीलगाय किंवा मोकाट गुरे आणि गाळपाच्या हंगामात मागचे दिवे नसलेली उसाची ट्रॉली हे येथील खरे अडथळे आहेत. उसाच्या ट्रॉलीची धास्ती कोल्हापूर-सांगलीकडच्या स्वाराला निराळी सांगायला नको.

तारीख ठरवताना हवामान पाहा

पानिपतला जाण्यासाठी मराठी मनाला सर्वांत योग्य वाटणारा दिवस म्हणजे मकर संक्रांत. १४ जानेवारीला स्मारकस्थळी शौर्य दिवसाचा कार्यक्रम होतो आणि महाराष्ट्रातून अनेक जण त्यासाठी येतात. परंतु हाच काळ उत्तर भारतातील दाट धुक्याचा असतो. भावना एक दिवस सुचवते आणि हवामान दुसरा, असा हा पेच आहे.

भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत दृश्यमानता ५० मीटरपेक्षा कमी असल्यास ‘अतिदाट’ धुके, तर ५० ते २०० मीटरच्या दरम्यान असल्यास ‘दाट’ धुके समजले जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराला समोरचा अडथळा ओळखून ब्रेक लावेपर्यंत साधारण दीड सेकंद लागतो असे धरले, तर तेवढ्यात तो २५ मीटर पुढे गेलेला असतो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागूनही वाहन थांबायला आणखी सुमारे २३ मीटर लागतात. एकूण ४८ मीटर. म्हणजे अतिदाट धुक्यात ताशी ६० हा वेगही अडथळा दिसल्यावर थांबण्याइतका सुरक्षित नाही आणि धुक्यात रस्ता ओला असतो हे त्यात धरलेलेच नाही. हाच हिशेब ताशी ८० वेगासाठी मांडला, तर थांबण्याचे अंतर ७४ मीटरच्या आसपास जाते. वेग एकतृतीयांशाने वाढला की थांबण्याचे अंतर दीडपट होते.

यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. डिसेंबर-जानेवारीत जायचेच असेल, तर पहाटेची प्रथा सोडून ऊन पडल्यावर, सकाळी दहानंतर निघावे आणि अंधार पडण्यापूर्वी घरी परतावे. सकाळी धुके हटले नाही, तर बेत रद्द करावा. हा निर्णय घेण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा आणि त्यावर वाद होऊ नये. गटाने निघण्यातील सर्वांत मोठा धोका असा असतो, की प्रत्येकाच्या मनात शंका असते, पण पहिल्यांदा ‘नको’ म्हणायला कोणी धजावत नाही.

उरलेल्या वर्षाचा विचार करता फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च हा काळ सर्वांत सोयीचा. मे-जूनमध्ये तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. तेव्हा पहाटे निघून सकाळी दहाच्या आत मुक्कामी पोहोचणे शहाणपणाचे. ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरमध्ये शेतातील काडीकचरा जाळल्याचा धूर आणि शहरातील प्रदूषण यांमुळे हवा खराब होते आणि वाहनांवर निर्बंधही येऊ शकतात. श्रावणात हरिद्वारच्या रस्त्याने कावडयात्रा सुरू असते आणि वाहतूक वळवली जाते, त्यामुळे त्या दिवसांत मेरठ-मुझफ्फरनगरकडचा बेत टाळावा. उत्तरेकडील श्रावण महाराष्ट्रातील श्रावणाच्या सुमारे पंधरा दिवस आधी सुरू होतो, हेही लक्षात ठेवायला हवे.

कागदपत्रे आणि कायदा

दिल्लीहून पानिपतला जाताना राज्य बदलते, पण मोटार वाहन कायदा तोच राहतो. परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र प्रत्येकाजवळ असावे. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन यांतील प्रती २०१८ पासून ग्राह्य धरल्या जातात, मात्र फोन बंद पडल्यास काय, याचाही विचार करावा.

चालक आणि सहप्रवासी दोघांनाही हेल्मेट अनिवार्य आहे. कायद्यात पगडीधारी शीख व्यक्तींना सवलत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार हेल्मेट नसल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवान्यावर अपात्रता येऊ शकते. १ जून २०२१ पासून देशात केवळ भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असलेल्या हेल्मेटच्याच विक्रीला परवानगी आहे. अनेक देशांतील संशोधनाचा एकत्रित आढावा घेतल्यावर असे दिसून आले आहे, की हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला दुखापत होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. पट्टा न बांधलेले हेल्मेट मात्र धडकेच्या क्षणी निघून जाते आणि त्याचा उपयोग होत नाही.

सायलेन्सर बदलून आवाज वाढवण्याची हौस अनेकांना असते. ध्वनी आणि प्रदूषणाच्या मानकांचे उल्लंघन केल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रस्त्यावर शर्यत लावणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. भाड्याने मोटरसायकल घ्यायची असेल, तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेले वाहनच घ्यावे. खासगी क्रमांकाचे वाहन भाड्याने देणे बेकायदा असून अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

जुन्या बुलेटची आवड असणाऱ्यांनी आणखी एक बाब तपासावी. राजधानी क्षेत्रात १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली होती आणि २०२५ मध्ये या बंदीच्या अंमलबजावणीबाबत न्यायालयाने नवे आदेश दिले. आपले वाहन कोणत्या उत्सर्जन मानकात बसते आणि त्यावर सध्या कोणता नियम लागू आहे, हे वाहनमालकाने निघण्यापूर्वी परिवहन विभागाकडून जाणून घ्यावे.

रस्त्यावरील शिस्त

गटातील दोन जागा महत्त्वाच्या. सर्वांत पुढचा ‘लीड’ आणि सर्वांत मागचा ‘स्वीप’. पुढच्याला रस्ता माहीत असावा आणि आरशात मागे पाहण्याची सवय असावी. मागच्याकडे सर्वाधिक अनुभव असावा, दुरुस्तीचे साहित्य आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याजवळ असावी. नवख्या स्वाराला शेवटी ठेवण्याची चूक अनेक गट करतात. त्याची योग्य जागा पुढच्या स्वाराच्या लगेच मागे असते, कारण तेथे वेगातील चढउतार सर्वांत कमी जाणवतात.

मार्गिकेत एकामागे एक सरळ रेषेत किंवा खांद्याला खांदा लावून चालू नये. पहिला स्वार मार्गिकेच्या उजव्या भागात, दुसरा एका सेकंदाच्या अंतराने डाव्या भागात, तिसरा पुन्हा उजव्या भागात, अशी एकाआड एक रचना ठेवावी. यामुळे प्रत्येकाला आपल्या थेट पुढच्या स्वारापासून दोन सेकंदांचे अंतर मिळते आणि खड्डा चुकवायला बाजूला जागाही राहते. वळणावर, अरुंद रस्त्यावर आणि पावसात मात्र एकच रांग करून अंतर वाढवावे. ओव्हरटेक प्रत्येकाने स्वतः रस्ता पाहूनच करावा. पुढचा गेला म्हणून आपल्यालाही जागा आहे असे समजू नये.

गट तुटू नये यासाठी एक साधा नियम पुरेसा ठरतो. प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्या स्वाराकडे लक्ष ठेवावे. तो दिसेनासा झाला, की वेग कमी करावा. मग पुढचाही वेग कमी करतो आणि काही मिनिटांत ही सूचना न बोलता सर्वांत पुढे पोहोचते. वळणाच्या ठिकाणी दुसऱ्या क्रमांकाच्या स्वाराने कडेला सुरक्षित जागी थांबून शेवटचा स्वार येईपर्यंत वाट दाखवावी. सिग्नल लाल झाला तर थांबावे. मागे राहिलेल्याला वाटते की आपल्याला सोडून गेले, म्हणून तो लाल दिवा ओलांडतो. ‘कोणालाही सोडून जाणार नाही’ ही खात्री सकाळीच दिलेली असली, की हा मोह राहत नाही.

वाहनाची तपासणी आदल्या दिवशी व्हावी. टायरमधील हवा, ब्रेक, साखळीचा ताण, दिवे आणि इंजिन तेल या पाच गोष्टी पाहायला अर्धा तासही लागत नाही. पेट्रोलची टाकी आदल्या रात्रीच भरावी. वाटेतील थांबे सर्वांत लहान टाकीच्या वाहनानुसार ठरवावेत. मुकरबा चौकातून निघाल्यावर पहिला थांबा मुरथळ येथे घेता येतो. पराठ्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा ही तेथील ओळख. मात्र भरपेट जेवून लगेच वाहनावर बसल्यास डोळ्यांवर झापड येते, हे विसरू नये. सहलीच्या दिवशी, परत येईपर्यंत, मद्य पूर्णपणे वर्ज्य असावे.

अपघात झाल्यास

आखणीत हा विषय अप्रिय वाटला, तरी वगळू नये. प्रत्येकाच्या खिशात रक्तगट आणि घरच्या व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद असावा. अपघात झाल्यास इतरांनी वाहने रस्त्याच्या बाहेर उभी करावीत, एकाने मागून येणाऱ्या वाहतुकीला दूरवरून इशारा द्यावा, एकाने ११२ या आपत्कालीन क्रमांकावर आणि महामार्ग प्राधिकरणाच्या १०३३ या मदत क्रमांकावर संपर्क साधावा. जखमी शुद्धीवर असून श्वास घेत असेल, तर त्याचे हेल्मेट ओढून काढू नये. मानेला इजा असण्याची शक्यता असते.

गंभीर दुखापतीनंतरचा पहिला तास कायद्यानेही ‘गोल्डन अवर’ म्हणून मान्य केला आहे. मदत करणाऱ्या व्यक्तीवर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि तिला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, अशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला निर्दिष्ट रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. गटातील किमान दोघांना या तरतुदी माहीत असाव्यात.

पोहोचल्यावर आणि परतताना

‘काला आम’ येथे विटांचा स्मारकस्तंभ आणि भोवती राखलेले आवार आहे. ज्या आम्रवृक्षावरून हे नाव पडले, तो आज तेथे नाही. पानिपत शहरात इब्राहिम लोदीची कबर, बाबराने बांधवलेली काबुली बाग मशीद आणि बू अली शाह कलंदर यांचा दर्गा आहे. वेळ हाताशी असल्यास ही ठिकाणेही पाहून घ्यावीत. स्मारकाच्या आवारात इंजिनांचा आवाज आणि घोषणांची चढाओढ टाळून थोडा वेळ शांत बसणे अधिक उचित ठरेल.

या रणभूमीचा एक धडा मोहिमेच्या आखणीशीही निगडित आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी कुंजपुरा जिंकला, पण त्याच सुमारास अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठी फौजेचा दिल्लीशी असलेला संपर्क तुटला. पुढचे अडीच महिने रसद मिळेनाशी झाली आणि अखेर उपाशी सैन्याला मैदानात उतरावे लागले. शौर्यात उणीव नव्हती; परतीची वाट हातून गेली होती. सुट्टीच्या दिवशीची सहल आणि ती मोहीम यांची तुलना होऊ शकत नाही. तरीही जाण्याच्या तयारीइतकीच येण्याची तयारी महत्त्वाची असते, हे त्या ठिकाणी उभे राहिल्यावर आपोआप लक्षात येते.

मोटरसायकलच्या सहलींतही हाच भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो. जाताना सर्व जण ताजेतवाने असतात, नियम आठवत असतात. परतताना शरीर थकलेले असते, सूर्य कलत असतो, घर जवळ आल्याने मन सैल होते आणि दिल्लीच्या वेशीवर रविवार संध्याकाळची गर्दी असते. म्हणून गट दिल्लीत शिरण्यापूर्वी एक शेवटचा थांबा घ्यावा, तेथे निरोप घ्यावा आणि पुढे प्रत्येकाने स्वतंत्रपणे, सावकाश घरी जावे. घरी पोहोचल्यावर प्रत्येकाने प्रमुखाला एक संदेश पाठवावा. शेवटचा संदेश येईपर्यंत सहल संपली असे त्याने मानू नये.